वाटीखाली काय हाय?

त्या दिवशी सकाळी धुई अशी दाटली होती की पिंगळीच्या टेशनावर उभं राहून पलीकडचा रूळ दिसत न्हवता. तुरी फुलोऱ्यात होत्या. धुई पडली की तुरीचं फूल गळतंय, म्हणून टेशनावर जो तो आपापल्या तुरीचंच बोलायला लागला होता. माझं ध्यान तुरीत न्हवतं. परभणीहून येणाऱ्या पाशिंजरात सुलभाबाई होत्या, आन् त्या दिवशी त्या माझ्या नातवाला बघणार होत्या. गाडी लेट. बैल थंडीनं अंग चोरून उभे. मी गाडीच्या जुवाला टेकलो आन् बाई गावात यायला लागल्यापासूनचं एकेक आठवत बसलो.

असल्या गोष्टींचं मेंढरासारखं असतंय. सांगायला म्हणून एक पुढं काढावी, तर मागं अख्खा कळप चालायला लागतो. मला लिहिता येत न्हाई. थोरली नात लिहायलीय, मी सांगायलोय. घाई न्हाई आपल्याला.

सुलभाबाई परभणीच्या कॉलेजात शिकवायच्या. लहान लेकराचं डोकं कसं चालतंय, कोणत्या वयात त्याला काय उमगतंय, ह्याचा त्यांचा अभ्यास. संगं नसीम नावाची पोरगी, त्यांच्या हाताखालची, आन् एक पत्र्याची पेटी. पेटीत खेळणी, वाट्या, फडकी, चित्रं. गुडघा गेल्यापासून माझं मेंढरामागं फिरणं बंद झालं होतं. म्हणून चावडीच्या खोलीची चावी माझ्याकडं, आन् टेशनावरून पेटी आणायला गाडी बी माझीच.

गावाला आधी पटलंच न्हाई. जुनी माणसं म्हणायची, ह्या नसबंदीवाल्याच हाईत. लेकराचं बघायचं नाव, आन् न्यायचं बापाला! पहिल्या दिवशी चावडीसमोर एकसुद्धा बाप्या माणूस थांबला न्हाई.

*

पहिला खेळ फडक्याचा. बाईनं लाकडाचा रावा, म्हंजे पोपट, लेकराला दाखवायचा, त्याच्या देखत फडक्याखाली ठेवायचा, आन् बघायचं, लेकरू फडकं उचलतंय का. उचललं तर समजायचं, दिसंना झालं तरी वस्तू तिथंच हाय, एवढं त्याला कळतंय.

बाईनं फडकं आणलं होतं तांबडं.

आमच्या घरात देवाचे टाक तांबड्या फडक्याखाली असतेत. पहिलं लेकरू आलं, दीड वर्साचं. त्यानं राव्याकडं बघितलं, फडक्याकडं बघितलं आन् हात जोडले. दुसऱ्यानं बी जोडले. तिसऱ्यानं तर डोकं टेकवलं.

नसीम म्हणाली, बाई, कपडा बदला. तिनं आपली हिरवी ओढणी काढून दिली. आता आमच्याकडं दर्ग्याला कोण जात न्हाई? उरसात चादर चढताना ह्या लेकरांनी आयांच्या कडेवरून बघितलेली. पुन्हा हात जोडले!

शेवटी बाईनं माझ्या खांद्यावरचा पंचा मागून घेतला. त्याला कुण्या लेकरानं हात जोडले न्हाईत. ओढून फेकला आन् रावा काढला.

*

नामांतराच्या गडबडीची वर्सं होती ती. कदी बंद, कदी मोर्चा, कदी मधीच गाड्या थांबलेल्या. गावात एकमेकाकडं सरळ बघायची चोरी झाली होती. बाईचं म्हणणं, मला समद्या वस्तीतली लेकरं पायजेत, एका खोलीत, एका सतरंजीवर. लेकरं आली. पण आया! वरच्या आळीच्या एका कोपऱ्यात, बुद्धवाड्याच्या दाराशी, आमच्या धनगरवाड्याच्या भिंतीला. मधी सतरंजी रिकामी. बाई कुणाला काही बोलल्या न्हाईत. रांगती लेकरं तेवढी सतरंजीवर सोडा म्हणाल्या, आन् मधोमध एक खुळखुळा ठेवला.

आता लेकरं ती. जिकडून तिकडून निघाली आन् खुळखुळ्यावर पडली. ह्याचा पाय त्याच्या तोंडात, त्याचा वाळा ह्याच्या मुठीत. समद्यांनी एकदमच भोकाड पसरलं. आया धावल्या. ज्या सतरंजीवर कुणी बसायला तयार न्हवतं, तिच्यावर समद्या गुडघे टेकून बसलेल्या, आन् घाईत कुणाचं लेकरू कुणाच्या हातात!

नसीम म्हणाली, "अब पहचान लो, कुणाचं कोणतं."

दुसऱ्या दिवशी आया पुन्हा आपापल्या कोपऱ्यात बसल्या. खोटं कशाला सांगू. पण लेकरं आल्या आल्या सतरंजीवर जाऊन बसली, आन् ती मातर शेवटपर्यंत तिथंच बसली.

*

मग आरसा. आरशातलं तोंड आपलंच हाय, हे लेकराला कदी कळतंय? बाईची युक्ती अशी, की लेकराच्या गालावर नकळत काळा ठिपका लावायचा आन् आरसा पुढं धरायचा. लेकरानं आपल्या गालाला हात लावला की समजायचं, कळलं.

एका बी लेकरानं हात लावला न्हाई. बाई बुचकळ्यात पडल्या. चांगली दोन वर्साची लेकरं, आन् कुणालाच कसं कळंना?

मग बाईच एकदम हसायला लागल्या. आमच्या लेकराच्या गालावर जन्मल्यापासून काजळाची तीट. एकाची दोन झाली, तर लेकराला त्याचं काय? बाईनं पावडर घेऊन पांढरा ठिपका लावला. लेकरानं आरशात बघितलं, गालाला हात लावला आन् जोरात रडायला लागलं. बाई खुश. पण त्याची आजी बाहेरून पळत आली, नातवाचं तोंड बघितलं आन् तिथंच बसली.

"अगं बया," म्हणाली, "एवढी नदर लागली की तीट पांढरी झाली!"

मीठ-मोहऱ्या आणल्या, लेकराची दृष्ट काढली. जाता जाता बाईची आन् नसीमची बी काढली. म्हणाली, तुमी परगावच्या, तुमाला कोण हाय काढायला?

*

नागोराव आमच्या गावचा दूधवाला. टेशनावरच्या हाटेलात दूध घालायचा. त्याचा ज्ञानू पाच वर्साचा. बाईनं दोन सारख्या गिलासात सारखं दूध घेतलं. नागोरावाकडूनच आणलेलं. मग एका गिलासातलं ज्ञानूच्या देखत एका उंच, चिंचोळ्या गिलासात ओतलं आन् इचारलं, आता कशात जास्त?

ह्या वयाची लेकरं उंच गिलासाकडं बोट दाखवतेत म्हणं. आधीच्या समद्यांनी तेच दाखवलं होतं. ज्ञानू म्हणाला, "दूध तेवढंच हाय."

बाईचं तोंड फुललं. नागोराव दारातून ऐकत होता, त्याची बी मान ताठ झाली. बाईनं इचारलं, कशावरून रे बाळा?

ज्ञानू म्हणाला, "आबा रोज असंच करतेत. उंचावरून वतलं की फेस येतोय. हाटेलवाल्याला जास्त वाटतंय. दूध तेवढंच ऱ्हातंय."

नसीम हळूच म्हणाली, "बाई, पोराला पूरे मार्क. बापाचं काय करायचं?"

बाप दारात न्हवता. त्या दिवसापासून नागोराव ज्ञानूला दूध घालायला संगं नेईनासा झाला.

*

बिस्कुटाचं तर लहानच हाय. चार वर्साच्या पोरापुढं बाईनं एक बिस्कुट ठेवलं. म्हणाल्या, मी बाहेर जाऊन येते. तोवर खाल्लं न्हाईस तर दोन देईन. बाई खिडकीच्या फटीतून बघायला लागल्या. पोरगं हात मांडीखाली दाबून बसलेलं. तेवढ्यात उघड्या दारातून आमच्या शेजारच्या गयाबाईची शेळी आत आली, बिस्कुट उचललं आन् चावत चावत निघून गेली.

बाई आत आल्या. पोरगं म्हणालं, "म्या न्हाई खाल्लं. दोन द्या."

बाईला द्यावीच लागली.

दुसऱ्या दिवशी जे ते लेकरू आपली शेळी घेऊनच आलं.

*

हे समदं मी हसत सांगायलोय. पण त्या वर्सात माझ्या घरात हसू न्हवतं, ते बी सांगायला पायजे.

माझी धाकटी लेक गोदा पाथरीकडं दिलेली. वर्सापूर्वी ती लेकराला घेऊन माघारी आली होती. लेकराचं नाव बिरू. तिसरं सरून चौथं लागलं, पण पोरगं एक शबुद बोलत न्हवतं. 'आई' बी न्हाई. सासरच्यांनी ठरवून टाकलं, पोरगं मंद हाय, हिच्या पोटी असलीच निपजायची. आमचे व्याही इठोबा यांचा सांगावा आला होता, की जावयासाठी दुसरी पोरगी बघायलोत, तुमचं काय म्हणणं असंल ते सांगा. माझं काय म्हणणं असणार? मी त्या सांगाव्यावर महिनाभर नुसता बसून ऱ्हायलो.

गोदा बिरूला चावडीकडं फिरकू देत न्हवती. तिचं म्हणणं, गाव म्हणतंय ते म्हणू दे, पण कॉलेजातल्या बाईनं एकदा मंद म्हणलं की संपलं, मग त्याच्यापुढं कुणाचं काय चालणार? दिवसभर ती वसरीवर त्याला मांडीवर घेऊन बसायची. सोबतीला शेजारची गयाबाई. गयाबाई तोंडाची सैल, पण येणारी तीच एक. सुनेचं, जावेचं, सरपंचाच्या घरचं, काय काय सांगत बसायची. मधीच बिरूकडं बघून म्हणायची, गोदे, ह्याच्यापुढं बोलायला बरं बाई, भिंतीपुढं बोलल्यासारखं. गोदा खाली बघायची.

मी बी तिला जोर केला न्हाई. मला बी तेच भ्या वाटत होतं.

तिचं मन फिरलं ते चित्रांच्या दिवशी. ती चावडीत पाणी द्यायला गेली होती. बाईनं आमच्या धनगरवाड्यातल्या सखूपुढं चार चित्रं मांडली. मेंढी, शेळी, कुत्रं आन् काठी. म्हणाल्या, ह्यात वेगळं कोणतं? कोणतं काढून टाकशील?

बाईच्या हिशोबानं काठी काढायची, कारण बाकी जित्राबं. सखूनं लय येळ बघितलं. म्हणाली, "काईच काढू नका."

बाई म्हणाल्या, एक तरी काढ.

"काठी काढली तर कुत्रं एकटं काय करंल? शेळी काढली तर मेंढरं पुढं चालत न्हाईत." मग तिनं बाईकडं जरा दयेनंच बघितलं. "चित्रात माणूस काढायचा इसरला तुमी."

बाई सखूवर रागावल्या न्हाईत. चूकसुद्धा म्हणल्या न्हाईत. चारी चित्रं गोळा केली आन् नसीमला म्हणाल्या, खरंच की, आपण ही चित्रं परभणीत बसून काढली.

गोदा पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी. घरी आल्यावर म्हणाली, "तात्या, ह्या बाईला बिरू दाखवायला हरकत न्हाई."

मी त्याच दिवशी पाथरीला सांगावा धाडला, की व्याही, तुमी सोता या आन् बाई काय म्हणतेत ते आपल्या कानानं ऐका. सांगावा गेल्यावर मला वाटलं, उगाच धाडला. पण तोंडातून गेलेला शबुद, परत कसा घ्यायचा?

*

तर त्या धुईच्या सकाळी पाशिंजर एकदाची आली. मी पेटी गाडीत घातली. बाईला वाटंत समदं सांगितलं. त्या धीर-बिर काही बोलल्या न्हाईत. मला कळलं, जे दिसंल तेच ह्या बोलणार, माझ्याकडं बघून बोलणार न्हाईत. बरं बी वाटलं, तरी बैलाला मी हाणलं न्हाई.

व्याही जीपनं आधीच चावडीवर येऊन बसले होते. फेटा नीट, काठी मांडीवर. चहा इचारला तर नको म्हणाले. गयाबाई समद्यात पुढं बसलेली. गोदा बिरूला घेऊन आली, तर त्यानं तिच्या पदरात तोंड खुपसलेलं.

बाईनं घाई केली न्हाई. त्याच्याकडं पाठ करून आपल्या आपण खेळत बसल्या. रावा काढला, खुळखुळा काढला. बिरू काही ढळंना. मग नसीमनं पुडीतून गुळाचा खडा काढला. तेव्हा पोरगं पदरातून बाहेर आलं.

बाईनं तीन वाट्या पालथ्या घातल्या. गुळाचा खडा बिरूला दाखवला, मुठीत धरला, मूठ एकेका वाटीखालून फिरवली आन् रिकामा हात उघडून दाखवला.

"बिरू, गूळ कुठं आहे?"

बिरूनं वाट्यांकडं बघितलं. बाईच्या हाताकडं बघितलं. मग गयाबाईकडं बघितलं, जरा येळ. आन् उठला, आन् दारातून सरळ बाहेर चालता झाला.

व्याही खाकरले. म्हणाले, "तात्या, बगितलं न्हवं? आमी काय येगळं सांगत होतो?"

गोदानं पदर तोंडाला लावला. मी उठाय गेलो, तर गुडघ्यानं उठू दिलं न्हाई. बाई म्हणाल्या, "थांबा. कुणी हाक मारू नका त्याला."

तेवढ्यात शेजारून कोंबड्यांचा कालवा ऐकू आला. आमची आन् गयाबाईची घरं चावडीला लागूनच. कालवा थांबला. मग दारात बिरू उभा. केसात कोंबडीचं पीस, आन् दोन्ही हातानं पोटाशी धरलेला एक पत्र्याचा डबा, हनुवटीनं झाकण दाबलेलं. त्याच्या मागं गयाबाईची सून, हाताला पीठ तसंच.

बिरूनं डबा बाईपुढं ठेवला. बाईनं झाकण काढलं. आत अर्धी ढेप गूळ.

सून लय मऊ आवाजात म्हणाली, "आत्याबाई, गूळ दिवाळीतच सरला म्हणला होता न्हवं तुमी?"

गयाबाई भिंतीकडं बघायला लागली. बिरू खाली बसला, मधली वाटी उचलली, तिच्याखालचा खडा काढून तोंडात टाकला. वाटी बरोबर होती!

बाईनं गोदाला इचारलं, ह्यानं हा डबा आधी बघितला होता का? गोदा म्हणाली, न्हाई बाई, तिथं तो कदीच गेला न्हाई. गयामावशी एकदा आमच्या वसरीवर बसून बोलल्या होत्या, की जुन्या डालग्याखाली ठेवलाय, सून कोंबड्यांचं डालगं उचलत न्हाई म्हणून. बिरू मांडीवर होता, तेवढंच.

बाई व्याह्यांकडं वळल्या. म्हणाल्या, "ह्यानं ऐकलं, समजून घेतलं, ध्यानात ठेवलं आणि विचारल्याबरोबर आणून दाखवलं. डोक्यानं हा मुलगा कुठंही मागं नाही. बोलायला काही लेकरं उशीर लावतात. एकदा कान दाखवून घ्या डॉक्टरला, पण ह्याला मंद म्हणू नका."

व्याह्यांनी काठी भिंतीला टेकवली आन् म्हणाले, "तात्या, मघाचा चहा अजून मिळंल का?" मग म्हणाले, "गुळाचाच करा."

चहा पिऊन व्याह्यांनी बिरूला मांडीवर घेतलं. शनवारी पोराला धाडतो, म्हणाले, मायलेकराला घेऊन यायला. दुसऱ्या पोरीचं नाव बी काढलं न्हाई. गोदा चुलीपुढं बसून उगीच फुंकत होती. चूल कवाच पेटली होती.

सांजच्याला मी वसरीवर बसलो होतो. बिरू माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजलेला. गयाबाई येताना दिसली. मला वाटलं, आता हिचं भांडण ऐकावं लागणार, डबा काढून दिला म्हणून. पण तिनं आधी वाकून बिरूच्या तोंडाकडं बघितलं, खरंच झोपलाय का ते बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तात्या, शनवारपत्तूर कशाला वाट बघायलाव? उद्याच धाडा ह्याला पाथरीला, बोलायला लागायच्या आत. म्या त्याच्यापुढं वर्सभर बोललेय."